समासातलं ऊन

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, की टाळण्याचीही एक रीत ठरून गेली. फाल्गुन सरला की टेबल आवरायचं, कागद काढायचे आणि दुसऱ्याच कशावर तरी लिहायचं. निंबाच्या मोहोरावर लिहिलं. केळीच्या कमळावर लिहिलं. तापीच्या पात्रातल्या टरबुजांच्या वाड्यांवर लिहिलं. लोकांना ते आवडलंही. भाजीबाजारात कोणी भेटे, म्हणे, "सर, तुमचा उन्हाळा वाचला." मी हसून मान हलवी. माझा उन्हाळा अजून कोणी वाचलेला नाही, हे मला एकट्याला ठाऊक असे.

मागच्या आठवड्यात इथल्या, जळगावच्या एका लॅबमधून फोन आला. आदल्या दिवशी त्यांनी घरी येऊन माझं रक्त नेलं होतं.

"काका, तुमचं सॅम्पल गेलं."

"कुठे गेलं?"

"तसं नाही हो. खराब झालं. हिमोलाइज झालं, म्हणजे आतल्या पेशी फुटल्या. परत द्यावं लागेल."

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकणार काका? आमची पेटी गाडीवर उन्हात राहिली, बर्फ सगळा विरघळला. ऊन किती आहे बघा ना."

मुलगी तरुण असावी. किती सहज म्हणाली ती. ऊन किती आहे बघा ना. फोन ठेवला आणि मी गॅलरीत आलो. समोरच्या गच्चीवर कोणीतरी बिबडे वाळत घातले होते. ज्वारीचे ते पातळ गोल पापड, कापडावर एका रांगेत मांडलेले, कडा वळायला लागलेल्या. एवढं एक वाक्य मला त्या वर्षी, त्या खोलीत बोलता आलं असतं, तर एका मुलीचं आयुष्य निराळ्या वाटेनं गेलं असतं.

मी धुळ्याला एका कॉलेजात शिकवत होतो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, त्या इमारतीचा यात काही दोष नाही. आमची प्रयोगशाळा सर्वांत वरच्या मजल्यावर होती, डोक्यावर पत्रे. जानेवारीत तिथे बरं वाटायचं. मार्च लागला की अकरा वाजता टेबलाच्या लाद्या हाताला चटका देत. स्पिरिटचा वास, ओल्या गोणपाटाचा वास आणि खिडकीतून येणारा निंबाच्या मोहोराचा गोडसर वास, हे तिन्ही एकमेकांत मिसळत. आजही चैत्रात कुठे निंब फुलला की मला पाठोपाठ स्पिरिटचा वास येतो. इतरांना येत नाही, म्हणून मी बोलत नाही.

सुनंदा त्या वर्षी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पांझरेकाठच्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची. तिच्या प्रकल्पाचा विषय मीच दिला होता: रक्तातल्या तांबड्या पेशी रसायनांपुढे किती टिकतात. सांगायला सोपं आहे. तांबडी पेशी म्हणजे नुसती लाल पाण्याची पिशवी नसते. तिच्या पातळ पडद्याला आतून प्रथिनांच्या जाळीचा आधार असतो. त्या जाळीमुळे पेशी दबते, वाकते, अरुंद वाटेतून निघते आणि पुन्हा आपल्या आकारावर येते. स्पिरिट किंवा युरिया यांसारखी काही रसायनं त्या प्रथिनांची घडी मोडतात, पडदा सैल करतात. थोड्या स्पिरिटाला पेशी दाद देत नाही. आणखी घातलं तरी देत नाही. मग एका ठिकाणी, एका थोड्याशा फरकानं, सगळ्या मिळून फुटायला लागतात.

ते ठिकाण शोधायचं होतं. दहा काचेच्या नळ्या मांडायच्या, पहिलीत स्पिरिट नाही आणि पुढे प्रत्येकीत थोडं थोडं जास्त. प्रत्येकीत मोजून रक्ताचे थेंब. मग सगळ्या नळ्या वॉटर बाथमध्ये, म्हणजे एकाच उष्णतेवर, सदतीस अंशांवर, राखलेल्या पाण्यात, ठरावीक वेळ ठेवायच्या. आकडा यंत्रावर घ्यायचा, पण त्याआधी डोळ्यांनी बघायची आमची एक जुनी पद्धत होती. नळीमागे वर्तमानपत्र धरायचं. पेशी शाबूत असल्या तर नळी गढूळ लाल दिसते, मागचं काही वाचता येत नाही. पेशी फुटल्या की तेच रक्त जांभळाच्या सरबतासारखं स्वच्छ होतं आणि पलीकडची अक्षरं दिसायला लागतात.

सुनंदा ती अक्षरं मोठ्यानं वाचायची. "सहावीत काही नाही. सातवीत... 'कापसाच्या भावात', सर."

नाना हसायचे. नाना आमचे लॅब अटेंडंट, तीस वर्षं काचा धुतलेले. सकाळी सायकलवर खाटकाकडून बकऱ्याचं रक्त थर्मासमध्ये आणायचं काम त्यांचं. पहिल्याच दिवशी ते नळ्यांकडे बघून म्हणाले होते, "गावमा मानसे पेतस, आठे तं रगतच पी राह्यनं."

"मंग कितलामा गुंगस ते देखनं शे, नाना," सुनंदा म्हणाली. किती प्यायल्यावर रक्त गुंगतं ते बघायचं आहे. माझ्या साऱ्या प्रस्तावनेपेक्षा तिचं ते एक वाक्य नेमकं होतं. मी मात्र म्हणालो, "सुनंदा, लॅबमध्ये नीट बोलायचं."

माझंही बालपण त्याच बोलीत गेलं. पुण्याला शिकायला गेलो तेव्हा 'आहे'च्या जागी 'शे', 'माझी'च्या जागी 'मनी' असं तोंडातून निसटायचं आणि हॉस्टेलची मुलं शेळ्या हाकल्यासारखी "शे शे शे" करत मागे यायची. सहा महिन्यांत मी ते शब्द तोंडातून काढून टाकले. पुढे घरी आईशी बोलतानाही ते परत आले नाहीत. आई माझ्याशी जपून बोलायला लागली, पाहुण्याशी बोलावं तशी.

तर, कच्ची वही. आमच्याकडे दोन वह्या असत. टेबलावर डाग पडलेली, घाईत लिहिलेली कच्ची वही आणि घरी बसून सुवाच्य अक्षरात उतरवलेलं जर्नल. गुण जर्नलला. परीक्षक बघणार ते जर्नल. कच्च्या वहीवर गाईडची नजर फिरली की तिचं काम संपलं. सुनंदाची कच्ची वही म्हणजे एक वेगळंच प्रकरण होतं. आकडे व्यवस्थित रकान्यांत आणि समासात तिच्या बोलीत काहीबाही लिहिलेलं. 'रगत उशिरा ऊनं', म्हणजे रक्त उशिरा आलं. 'नानाना हात भाजना.' मार्चपासून ते वाढलं. 'लाईट नही. पानी तपेल शे. ४२.' 'आज बी नही. ४३. बठ्ठं तपेल शे.' आजही वीज नाही, सगळंच तापलेलं.

त्या उन्हाळ्यात भारनियमन कडक होतं. दिवसातले कित्येक तास वीज नसे. आणि वीज नसली की वॉटर बाथ म्हणजे नुसता पत्र्याचा डबा, खोली तापेल तसं त्यातलं पाणी तापणार. सुनंदा त्या पाण्यात थर्मामीटर बुडवून आकडा लिहून ठेवत होती. तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिला ते लिहावंसं वाटलं.

मी ते वाचलं नाही. 'शे' दिसला आणि मी लाल पेन उचललं. समासातलं सगळं, पानामागून पान, उभ्या रेघेनं खोडून टाकलं. वर लिहिलं: अनावश्यक. जर्नलमध्ये नको. भाषा सुधारणे.

"सर, पण ते लाईटचं..." ती म्हणाली.

"विजेची रडगाणी परीक्षकाला ऐकवायची नसतात. आकडे उतरव, रेघा आख, संपलं."

तिनं तसंच केलं. माझं ऐकण्यात ती कधी चुकली नाही, हीच अडचण झाली.

तिच्यासाठी त्या परीक्षेत किती अडकलं होतं ते मला माहीत होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत तिचं नाव निघालं होतं. प्रकल्पाचे गुण आणि गाईडचं पत्र, दोन्ही हवं होतं. तिचे वडील एकदा मला भेटायला आले होते. पांढरी टोपी मांडीवर ठेवून खुर्चीच्या कडेवर बसले. म्हणाले, "सर, तुमचं पत्र आलं तर जाऊ दे तिला. नाही आलं तर वैशाखात उरकून टाकू. स्थळ थांबेल शे तोपर्यंत." मी म्हणालो, "आबा, पत्राची काळजी करू नका." ते उठताना माझ्या पायांकडे वाकले. माझ्याहून थोरले होते.

तोंडी परीक्षा एप्रिलच्या शेवटी झाली. परीक्षक बाहेरगावचे, घामानं हैराण, सतत रुमाल फिरवणारे. नानांनी त्यांच्यासाठी माठात मोगऱ्याची फुलं टाकली होती. त्यांनी सुनंदाचं जर्नल चाळलं आणि दोन आलेखांवर बोट ठेवलं.

"फेब्रुवारीत सातव्या नळीत पेशी फुटतात. एप्रिलमध्ये पाचव्यातच. रक्त तेच, स्पिरिट तेच. मग उत्तरं दोन कशी?" हे त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. "तुम्ही पाहिलंत ना हे? सही आहे तुमची."

मी पाहिलं नव्हतं. सही केली होती, पान न उघडता, शेवटच्या दिवशी ढिगातल्या बाराव्या जर्नलवर. ते कबूल करायचं, की दुसरं काही, एवढंच ठरवायचं होतं. फार वेळ लागला नाही.

"मुलीनं वाचनं नीट घेतलेली दिसत नाहीत," मी म्हणालो. "शेवटी शेवटी घाई झाली. काही आकडे बसवलेलेही असतील."

सुनंदा माझ्याकडे बघत होती. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. आपल्याला नीट ऐकू आलं नसावं, असा काहीसा भाव होता.

"सर, त्या दिवशी लाईट..."

"कारणं सांगू नकोस."

"माझी कच्ची वही बघा ना, सर. तीत..."

कच्ची वही माझ्याच कपाटात होती. किल्ली माझ्याच खिशात होती. परीक्षकांनी रुमाल फिरवत विचारलं, "आहे का वही?" मी म्हणालो, "कच्च्या वहीचं काय बघायचं."

तिनं दहा नळ्या मांडणीत ठेवल्या, स्पिरिटची बाटली पुसली, बूच लावलं आणि गेली. तिला पास होण्यापुरते गुण मिळाले. पत्र मी दिलं नाही. कसं देणार होतो? जिनं आकडे बसवले असं मीच सांगितलं होतं, तिच्या सचोटीची ग्वाही मीच कशी लिहिणार? खोटं असं एका दिवसात संपत नाही, त्याला पुढे पुढे सांभाळावं लागतं.

परीक्षक गेल्यावर नाना काचा विसळत होते. पाठमोरेच म्हणाले, "पोरगीनं काहीच चुकेल नही, सर."

"तुम्हाला काय कळतं त्यातलं, नाना?"

"माले रगतमधलं नही कळस. पन ती पोर दुपारना दोन वाजता या पत्रासखाल थर्मामीटर धरीसन बठे. खोटं लिखाले इतलं तपानी काय गरज व्हती? घरी बसीसन लिखती."

खोटंच लिहायचं असतं तर पत्र्याखाली भाजून कशाला घेतलं असतं, घरी बसून लिहिलं असतं. वैशाखात सुनंदाचं लग्न झालं. पत्रिका आली होती. मी गेलो नाही.

पुढच्या वर्षी तोच प्रयोग मी दुसऱ्या मुलांकडून करून घेतला. हिवाळ्यात सातवी नळी. एप्रिलमध्ये पुन्हा पाचवी. मी कपाट उघडलं आणि ती वही काढली. लाल रेघेखालची निळी अक्षरं सगळी वाचता येत होती. पानी तपेल शे. ४२. बठ्ठं तपेल शे. ज्या ज्या दिवशी समासात ऊन होतं, त्या त्या दिवशी पेशी लवकर फुटल्या होत्या. उष्णता प्रथिनांची घडी आधीच सैल करते, मग थोडं स्पिरिटही पुरतं. पुस्तकांतही हे सापडलं असतं, शोधलं असतं तर. तिनं न शोधता ते टिपलं होतं, कारण तिला ते दिसलं होतं, अंगावर जाणवलं होतं.

इथवर लिहून थांबावं असं वाटतंय, पण खरं सांगायचं ठरवलंय तर एवढ्यावर सुटका नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात मी एका चर्चासत्रात हाच मुद्दा मांडला. विजेच्या अभावात, प्रत्यक्ष उन्हाळी उष्णतेत, पेशींची टिकण्याची क्षमता कशी घटते. आकडे तिच्या वहीतले होते. भाषा माझी होती. सुधारलेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवताना एकानं खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "निरीक्षण फार बारीक आहे तुमचं." मी ताटातलं भरीत चिवडत राहिलो. तिचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, ती मुलगी आता कुठे आहे.

ती धुळ्यातच होती. मला ते बऱ्याच वर्षांनी कळलं. निवृत्त होऊन मी मुलाकडे जळगावला आलो होतो आणि एका लग्नासाठी धुळ्याला गेलो होतो. मांडवात चक्कर आली. नातेवाइकांनी जवळच्या एका छोट्या लॅबमध्ये नेलं. दंडाला रबरी पट्टी बांधणाऱ्या बाईंनी मान खालीच ठेवून म्हटलं, "मूठ आवळा, सर." मी चमकलो. तिथे मला सर म्हणायचं कोणाला काही कारण नव्हतं.

"ओळखलंत?" सुनंदानं विचारलं. केस कानांजवळ पांढरे झाले होते. सुई कधी गेली ते कळलंही नाही, इतका हात हलका.

"हो," मी म्हणालो. "बरी आहेस?"

"बरी आहे. लग्नानंतर लॅबचा कोर्स केला. इथेच आहे तेव्हापासून." मग नळीवर माझं नाव लिहिता लिहिता, अगदी साधेपणानं म्हणाली, "सर, तुम्ही त्या दिवशी बोललात ते बरंच झालं. माझा हात तेव्हा उतावळा होता, मला कळतच नव्हतं. आता मी प्रत्येक आकडा तीनदा बघते. इथल्या मुली हसतात. म्हणतात, ताई, एकदा बघितलं तर काय झिजेल का आकडा?" ती हसली. "मी सांगते त्यांना, आमच्या सरांनी शिकवलंय."

इतकी वर्षं ती मुलगी आपल्या बरोबर हाताला चुकीचा समजत आली होती. माझ्या एका वाक्यावर तिनं विश्वास ठेवला होता, स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त. तिच्या समोरच्या रजिस्टरमध्ये नावांच्या रांगा होत्या आणि पानाच्या कडेला, समासात, बारीक अक्षरात काही लिहिलेलं होतं. मी चष्मा सावरून वाचलं. दुपार १२. तपेल शे.

माझी नजर तिनं पाहिली आणि ओशाळून पानावर हात ठेवला. "ते असंच, सर. सवय जात नाही."

बोलायची तीच वेळ होती. खोलीत आम्ही दोघंच. पंखा फिरत होता. दंडावरचा कापूस मी बोटानं दाबून धरला होता आणि मला एवढंच म्हणायचं होतं, की सुनंदा, तुझा हात चुकलेला नव्हता. मी विचारलं, "मुलं किती तुला?"

"दोन मुली," ती म्हणाली. "सर, उन्हात लगेच निघू नका. दहा मिनिटं बसा." तिनं माठातलं पाणी आणून दिलं. मी प्यायलो आणि निघालो.

त्यानंतरही मी ती वही पिशवीत घालून कितीदा निघालो असेन. एकदा बसस्टँडवरून परत आलो. एकदा अमळनेरला उतरून, उसाचा रस पिऊन, उलट्या गाडीत बसलो. दरवेळी कारण असायचं. ऊन फार आहे, असंही एकदा मी स्वतःला सांगितलं. माझ्यासाठी ते कारण चालत होतं.

गेल्या दिवाळीनंतर गेलो. या वेळी मधे उतरलो नाही. लॅब तीच, खुर्ची तीच, टेबलाशी एक अनोळखी मुलगी.

"सुनंदाताई?"

"ताई गेल्या, बाबा," ती म्हणाली. "श्रावणात. आजार लवकर कळला नाही. दुसऱ्यांचं रक्त तपासायच्या, स्वतःचं राहून गेलं." मग माझ्याकडे निरखून बघत तिनं विचारलं, "तुम्ही कोण?"

"मी शिकवलं होतं तिला."

तिचा चेहरा उजळला. ती उठून उभी राहिली. "म्हणजे तुम्हीच ते सर? ताई सारखं सांगायच्या तुमच्याबद्दल."

वही पिशवीतच राहिली. त्या मुलीला ती देऊन काय सांगणार होतो? तिनं मला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी नको म्हणालो.

आज सकाळी इथल्या, जळगावच्या लॅबमधल्या मुलीनं येऊन माझं रक्त पुन्हा नेलं. या वेळी बर्फ भरपूर होता, तिनं पेटी उघडून मला मुद्दाम दाखवला. ती गेल्यावर मी कपाटातून वही काढली. लाल रेघ आता विटून तपकिरी झाली आहे. निळी अक्षरं तशीच आहेत. पत्र लिहायचं तर पाठवायला ठिकाण उरलेलं नाही, म्हणून तिच्याच वहीत, 'भाषा सुधारणे' हे माझे शब्द खोडून, समासात मी लिहिलं. पन्नास वर्षांनी त्या बोलीत लिहीत होतो, अक्षरं अडखळत होती, पण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते लिहायचा मला अधिकार नव्हता.

सुनंदा, तुनं बठ्ठं बराबर व्हतं. ऊन खरं व्हतं, तुना आकडा खरा व्हता, तुना हात बी खरा व्हता. माले माफ कर, बेटा. चूक तवय बी मनी व्हती, आज बी मनीच शे.